बोटभर कापड

आमच्या कंपनीनं पिंपरी सोडून मुंबई का गाठली, याची मोठमोठी कारणं मी ऐकली आहेत. खरं कारण एवढंसं होतं. कॉलरच्या आतल्या पट्टीवर ‘सुवेश, पिंपरी’ असं विणलेला शर्ट मुंबईतले दुकानदार कपाटाच्या खालच्या खणात ठेवत. तोच शर्ट, तेच पॉपलिन, तीच बटणं. पण पट्टीवर ‘बॉम्बे’ असलं की माल वरच्या खणात. आमचे मालक दौलतराव हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्या किड्यापायी चाळीस बायकांची कामं गेली आणि इनायतमास्टरांचा हात गेला. बायकांबद्दल कुणी लिहायचं ते लिहो. मी मास्टरांबद्दल लिहिते, कारण त्यात माझा वाटा आहे. ऐंशीच्या पुढं गेल्यावर चांगलं दिसायची हौस बाळगण्यात अर्थ नसतो.

इनायत शेख मोशीचे. वडील चाकणच्या बाजारात ओट्यावर मशीन मांडून शेतकऱ्यांच्या बंड्या आणि पैरणी शिवायचे. मास्टर त्यांच्या हाताखाली कात्री धरायला शिकले, पुढं मोशीत स्वतःचं दुकान घातलं. सन पन्नासमध्ये दौलतरावांनी पिंपरीला, स्टेशनापलीकडं निर्वासितांच्या कॅम्पच्या वाटेवर, एक पत्र्याची शेड घेऊन तयार कपड्यांची कंपनी काढली, तेव्हा मास्टर दुकान बंद करून कटर म्हणून आले. दुकानाच्या जागेत पिठाची गिरणी बसली. म्हणजे परतीचा रस्ता त्यांनी स्वतःच बुजवला होता, आणि तोही हसत हसत.

उंच, वाळके, पांढरी टोपी, खडूनं पांढरी झालेली बोटं. टेप कायम खिशात. गळ्यात का घालत नाही विचारलं तर म्हणत, “मी काय बैल हाय का कासरा घालाया?” माणूस दारातून आत आला की टेप न लावता त्याची छाती सांगत. आमचे मॅनेजर उद्धवराव पहिल्या दिवशी शेडमध्ये आले तेव्हा मास्टर टेबलावरून म्हणाले, “बेचाळीस. पन पोटाचं काय खरं न्हाई, त्ये उद्या वायलं असंल.” बायका मशीन थांबवून हसल्या. उद्धवराव चिडले, पण शर्ट शिवून घेतला तो मास्टरांच्याच मापानं, आणि तो बसला.

त्यांची एक रीत होती. नव्या कापडाचं थान उघडलं की आधी बोटभर रुंदीची पट्टी कापायची, टेपनं मोजायची, तांब्यातल्या पाण्यात बुडवायची, तारेवर वाळत घालायची. वाळली की पुन्हा मोजायची. पट्टी किती आटली त्यावर ते माया ठरवत. माया म्हणजे शिवणीसाठी रेघेच्या बाहेर सोडायचं जास्तीचं कापड. घरी पोलकं शिवणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. फरक एवढाच की बाकीचे लोक सगळीकडं सारखी माया सोडतात, मास्टर थानागणिक वेगळी सोडत. जाड खाकीला इतकी, पॉपलिनला इतकी, मजुराच्या सदऱ्याला काखेत आणखी थोडी. दौलतराव म्हणत, “मास्टर, पट्टी वाळेपर्यंत कंपनी बसून राहते.” मास्टर म्हणत, “मालक, बसू द्या की. शर्ट माघारी येन्यापरीस बरं.” सहा वर्षांत आमचा एकही शर्ट आखूड झाला म्हणून परत आला नव्हता. जुन्या फायलींसकट पत्रव्यवहार माझ्याकडं होता, म्हणून हे मी छातीठोक सांगते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. इंग्रजी घेऊन पुण्याहून बी.ए. झालेली, चिंचवडला आईवडिलांकडं राहणारी. शेडच्या टोकाला फळ्या मारून केलेल्या खोलीत माझा टाइपरायटर. फळीतल्या फटीतून कापायचं टेबल दिसायचं, वीस फूट लांब, आणि त्याच्या कडेला जमिनीवर बसून काजं करणाऱ्या बायका. त्यांच्यात मास्टरांची बायको खैरुन्निसाभाभी. भाभींचं काज म्हणजे टाचणीनं मोजून घ्यावं असं. जीभही तशीच बारीक. नवऱ्याला हाक मारायच्या ती “अवो कातरवाले” अशी.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर दौलतराव एका खोक्यावर उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, “पाडव्यापासून आपलं हेड ऑफिस मुंबईला, फोर्टात. कटिंगसुद्धा तिथंच होईल. शिलाई इथंच राहणार आहे, कुणी घाबरू नका. कापलेले गठ्ठे ट्रकनं येतील, शर्ट ट्रकनं जातील.”

मी उद्धवरावांना हळूच विचारलं, “तिथं जागा फार महाग ना?”

“तिथल्या एका महिन्याच्या भाड्यात इथं वर्षभर शेड मिळते,” ते म्हणाले. “पण बाई, लोक पत्ता बघतात.”

मास्टरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. “मालक, कापायचं तिथं, मंग मी कुठं?”

“तुम्ही आमच्याबरोबर,” दौलतराव म्हणाले. “तुमच्याशिवाय कटिंग आहे का? फक्त आधी एक करा. सगळ्या मापांचे फर्मे बनवून द्या. तिथं दोन नवे कटर घेतलेत, कापायचं यंत्र घेतलंय. त्यांच्या हातात काहीतरी पाहिजे. जागा नीट लागली की तुम्हाला बोलावून घेतो.”

नवे कटर आधीच घेतले होते, हे त्या वाक्यात स्पष्ट होतं. ते मला ऐकू आलं. मास्टरांना ‘तुमच्याशिवाय कटिंग आहे का’ एवढंच ऐकू आलं.

दुपारी भाकरी खाताना भाभी म्हणाल्या, “ह्ये जानार ममईला. आन् मी हितं काजं करनार. भायखळ्याला ह्यांचा चुलतभाव हाय, त्याच्या खोलीत सात मानसं झोपत्यात. आठवं ह्ये.”

“मग कशाला जाता मास्टर?” मी विचारलं. “मोशीत पुन्हा दुकान घाला.”

“कुनासाठी घालू?” मास्टर म्हणाले. “बाई, परवा मोशीच्या चावडीवर बसलो व्हतो. धा जन व्हती. आठ जनांच्या अंगात आपल्याच कंपनीचा शर्ट. म्याच कापलेला. आता त्या मानसांनी माज्याकडं काय शिवाया यावं?” मग म्हणाले, “मला कापाया लागतं. मशीन कुनीबी चालवंल. हात रिकामा ऱ्हायला की मला जेवान जात न्हाई.”

रुक्मिणीबाई म्हणून जुन्नरकडच्या एक होत्या मशीनवर. त्या म्हणाल्या, “मंग भाभीचं पोलकं उसवा आन् पुन्यांदा कापा.”

“तिचं कापाया माझी कात्री लहान पडंल,” मास्टर म्हणाले, आणि भाभींनी त्यांच्या दिशेनं रीळ भिरकावलं.

फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा साचा. पुठ्ठा कापडावर ठेवायचा आणि कडेनं खडू फिरवायचा. मास्टरांनी कधी वापरला नव्हता. “फर्मा शिकाऊ मानसाला,” म्हणायचे. पण बसले बनवायला. पाठ, दोन पुढे, बाही, कॉलर, कफ, खांदा, खिसा; चौतीसपासून बेचाळीसपर्यंत पाच मापं. चाळीस पुठ्ठे कापायला त्यांना तीन आठवडे लागले. मापागणिक भोकं पाडून भाभींनी ते काजाच्या दोऱ्यात ओवले. मला वाटतं, मास्टरांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं काम असेल. बाहीचा तो गोल मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते.

आता चूक कुठं झाली ते सांगते.

मास्टरांच्या वडिलांची शिकवण अशी की फर्मा म्हणजे अंग. पुठ्ठा बरोबर शिवणीच्या रेघेवर संपतो. माया पुठ्ठ्यात धरायची नाही, कारण ती कापडावर ठरते, थान भिजवल्यावर. पुठ्ठ्याच्या बाहेर किती बोटं सोडायची हे कापणाऱ्यानं बघायचं. चाकणच्या बाजारात हे ठीक होतं, तिथं कापणारा आणि पुठ्ठा करणारा एकच माणूस. मुंबईच्या कटरांकडं मात्र फर्मे येत ते माया धरूनच केलेले. पुठ्ठ्याच्या कडेनं यंत्र चालवायचं, संपलं. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर. दोघांपैकी कुणालाच दुसरी रीत आहे हे ठाऊक नव्हतं.

फर्म्यांबरोबर एक सूचनापत्र जायचं होतं, इंग्रजीत, एका पानात. मास्टरांनी सांगायचं, मी लिहायचं. ते माझ्या खोलीत उभे राहिले. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. भराभर सांगत गेले. शेवटाकडं म्हणाले, “आन् लिवा, फर्म्याच्या भाईर एक बोट सोडून कात्री चालवायची. पट्टी भिजवून बघा म्हनावं. आटली तर दीड बोट.”

मी टाइप करायची थांबले. मायेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. चार वर्षं मी इंग्रजी कविता वाचल्या होत्या, त्यात शर्टाच्या शिवणी कुठंच आल्या नव्हत्या. ‘एक बोट’ असं लिहिलं तर फोर्टातली माणसं हसतील असं वाटलं. पान भरत आलं होतं, दुसरं पान लावायचा कंटाळा आला होता. मास्टरांना ‘मला हा शब्द येत नाही’ म्हणायला जीभ उचलेना. मी म्हणाले, “मास्टर, हे कशाला लिहायचं? शिवणीला कापड सोडायचं हे मलासुद्धा माहीत आहे. ते तर कटर आहेत.”

मास्टर हसले. “त्ये बी खरंच. तुमास्नी ठावं हाय म्हंजे त्यास्नी असनारच.”

मी खाली ‘आपले विश्वासू’ टाइप केलं आणि कागद ओढून काढला.

पाडव्याला ट्रक आला. कागदपत्रं, कपाटं, थानं, सगळं गेलं. वीस फुटी टेबलाचे तीन तुकडे करून तेही गेलं. शेडमध्ये टेबलाच्या पायांचे फक्त चौकोनी डाग उरले. मास्टर रोज सकाळी मोशीहून सायकल मारत येत आणि इस्त्रीच्या फळीजवळ बसत. बोलावणं यायचं होतं. बायका विचारत, “मास्टर, आज काय काम?” ते म्हणत, “आज ममईची वाट बघायची.” पहिले आठ दिवस त्यावर हसू यायचं.

महिन्याभरानं मुंबईहून पहिले गठ्ठे आले. पांढरं पॉपलिन, बाराशे शर्टांचं. बरोबर नव्या पट्ट्यांचं पुडकं, ‘सुवेश, बॉम्बे’. मास्टर धावतच ट्रककडं गेले. एक गठ्ठा त्यांनी सोडला, वरची बाही उचलली आणि तळहातावर ठेवली. तशीच धरून राहिले.

“अवो, काय झालं?” भाभी म्हणाल्या.

“अडतीस लिवलंय,” मास्टर म्हणाले. “ह्ये अडतीस न्हाई.”

त्याच फर्म्यांवरून काढलेला एक जुडगा नमुन्याला इथं ठेवला होता. त्यांनी अडतीसचा बाहीचा पुठ्ठा काढला आणि कापलेल्या कापडावर ठेवला. कडेला कड जुळली. जराही कापड बाहेर दिसलं नाही. मास्टरांनी पाठ घेतली, पुढा घेतला. सगळं तसंच. शेडमध्ये मशीनं एकेक करून थांबली.

“रेघंवर कापलं,” मास्टर म्हणाले. “सगळं रेघंवर कापलं.”

मला तेव्हाच कळलं.  मी माझ्या खोलीत जाऊन टाइपरायटरवर झाकण घातलं, कशाला ते माहीत नाही.

मास्टरांनी मात्र उपाय काढला होता. उद्धवरावांना म्हणाले, “सायब, ह्ये अडतीसचं छत्तीस म्हनून शिवा. छत्तीसचं चौतीस. लेबल बदला. कॉलर मी हितंच नवी कापून देतो, उरलेलं थान ममईहून मागवा. पंधरा दिस द्या मला. माल वाचंल.”

उद्धवरावांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. फोनवर ते बराच वेळ ‘हो, हो’ म्हणत होते. बाहेर येऊन म्हणाले, “ऑर्डर मापावर गेलेली आहे. अडतीस म्हणजे अडतीसच पाहिजे. शिवण बारीक धरा म्हणाले. कडेनं दोन सूत, पाव इंच फक्त.”

“दोन सूतावर पॉपलिन तग धरनार न्हाई,” मास्टर म्हणाले. “खांद्यात फाटंल.”

“मास्टर, फोर्टातल्या जागेचं भाडं सुरू झालंय. पंधरा दिवस कोण थांबणार?”

शिवले. बायकांनी दोन सूत शिवण घातली, कापडाच्या अगदी काठावरून. मास्टर त्या दिवसांत शेडबाहेर सायकलीपाशी उभे राहत. भाभी काजं करत राहिल्या.

शर्ट फाटले. खांद्यात आणि काखेत, मास्टर म्हणाले होते तिथंच. काही दुकानात घडी उलगडतानाच उसवले. वरचा खण सोडाच, ते खालच्या खणातही राहिले नाहीत, गठ्ठे बांधून परत आले. आषाढात दौलतराव मोटारीनं पिंपरीला आले, सूचनापत्राचा कागद हातात घेऊन. माझ्या खोलीत चौघं होतो: दौलतराव, उद्धवराव, मास्टर आणि मी.

“यात माया सोडायचं कुठं लिहिलंय?” दौलतराव म्हणाले. “मला दाखवा. मी आरडाओरडा करत नाही. मला फक्त ओळ दाखवा.”

“मला इंग्रजी वाचता येत न्हाई मालक,” मास्टर म्हणाले. “पन म्या सांगितलं व्हतं. एक बोट भाईर सोडा म्हनून. बाईंना इचारा.”

तिघांनी माझ्याकडं पाहिलं.

उद्धवरावांच्या टेबलावर त्या दिवशी माझ्या बदलीचा कागद पडलेला होता. फोर्टातलं ऑफिस, वाढीव पगार. वडील त्या वर्षी निवृत्त झाले होते. ही कारणं मी नंतर जमवली. त्या घटकेला मी फार काही विचार केला नाही. मी म्हणाले, “मला नीट आठवत नाही.”

मास्टर रागावले असते तर बरं झालं असतं. बाई खोटं बोलतात असं म्हणाले असते तर मी कदाचित तिथंच मोडले असते. ते रागावले नाहीत. ते आठवू लागले. कपाळाला आठ्या घालून, खरोखर. मान एकदा माझ्याकडं वळवली, एकदा कागदाकडं. मग म्हणाले, “बाई सगळं लिवत्यात. त्यांनी लिवलं न्हाई म्हंजे म्या बोललोच नसंन.”

“कंपनीत सहा वर्षं झाली तुम्हाला, मास्टर,” उद्धवराव जरा मऊपणे म्हणाले. “वय होतं माणसाचं.”

“आसंल,” मास्टर म्हणाले. “इसरलो आसंन मी.”

दौलतरावांनी कागदाची घडी घातली. मुंबईला बोलावण्याचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, मास्टरांनीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. भाभी एकट्याच येऊ लागल्या, मोशीहून चालत निघून मध्ये एखादा टांगा मिळाला तर बसून. मी श्रावणात मुंबईला गेले. जाताना त्यांचा निरोप घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, तिकडं नीट ऱ्हावा. पानी उकळून प्या.” मला हे ऐकून घ्यावं लागलं.

पुढचं वर्ष संपायच्या आत पिंपरीची शिलाईही बंद झाली. गठ्ठे ट्रकनं घाट चढवणं-उतरवणं परवडेना, मुंबईतच बाहेर शिवून घेऊ लागले. चाळीस बायकांना कळवायचं पत्र मीच टाइप केलं. त्या पत्राचं मराठी चांगलं झालं होतं, असं उद्धवराव म्हणाले.

तीन वर्षं मी मुंबईत राहिले. मायेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पहिल्याच आठवड्यात, नव्या कटरांपैकी एकाकडून कळलं. ‘सीम अलाउन्स’, साधे दोन शब्द होते.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात रजेवर घरी आले तेव्हा वडिलांच्या सदऱ्यासाठी तीन वार लाँगक्लॉथ घेतलं आणि मोशीला गेले. कापड हे निमित्त. मला मास्टरांना सांगायचं होतं. तीन वर्षं का लागली, असं कुणी विचारेल. कारण मला नोकरी हवी होती आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना मोशी फार लांब वाटत होती.

घर गिरणीच्या मागं, नदीकडं उतरणाऱ्या बोळात. भाभी दारात चिंध्या पसरून वाकळ शिवत होत्या. गावातल्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवून देणं, हेच आता त्यांचं काम. काज करायला कुणाचे शर्ट उरले नव्हते. मला ओळखून म्हणाल्या, “बाई, वाळलात की. ममईला खायाला घालत न्हाईत व्हय?” आणि आत वळून, “अवो, कंपनीतल्या बाई आल्यात.” कातरवाले म्हणाल्या नाहीत.

मास्टर बाहेर आले. टेप गळ्यात होता.

मी कापड पुढं केलं, वडिलांचं माप सांगितलं, छत्तीस. पूर्वी त्यांनी वडिलांना दोनदा पाहिलेलं होतं, माप सांगायची गरज पडली नसती. ते म्हणाले, “छत्तीस का? नक्की? लिवून द्या बाई.” मी लिहून दिलं. त्यांनी कापडाची पट्टी कापली, मोजली, भिजवली. ती वाळेपर्यंत आम्ही बसलो. वाळल्यावर मोजली. पुन्हा मोजली. मग भाभींना म्हणाले, “तू मोज ग.” भाभींनी वाकळीतून हात काढून मोजली आणि टेप परत दिला.

मास्टरांनी भिंतीवरून पुठ्ठ्यांचा जुडगा काढला. कंपनीतला नमुन्याचा जुडगा, तो इथं कसा आला ते मी विचारलं नाही.

“तुम्ही फर्म्यानं कापता?” मी म्हणाले.

“आता फर्म्यानंच. कुनी चुकूनमाकून आलं तर. हाताचा भरवसा न्हाई राहिला.”

मी सांगून टाकलं. सरळ सांगितलं, आडवळणं घेतली नाहीत. “मास्टर, तुम्ही विसरला नव्हता. एक बोट बाहेर सोडून कात्री चालवायची, पट्टी भिजवून बघायची, आटली तर दीड बोट, हे सगळं तुम्ही मला सांगितलं होतं. मला इंग्रजी शब्द आला नाही म्हणून मी लिहिलं नाही. आणि मालकांपुढं आठवत नाही म्हणाले, ते खोटं होतं. मला चांगलं आठवत होतं.”

मास्टर पुठ्ठा हातात धरून ऐकत होते. मग हसले. तेच ते हसणं, मायेची ओळ नको म्हटल्यावर हसले होते तसं.

“बाई, तुमी भल्या मनाच्या,” म्हणाले. “लांबनं ह्ये सांगाया आलात. पन मला म्हाईत हाय की. म्या लई आठवून पायलं. तीन वर्सं दुसरं काय काम व्हतं? म्या बोललोच न्हवतो.”

“बोलला होता. माझ्या खोलीत उभे राहून. मी खुर्ची दिली होती, तुम्ही बसला नाहीत.”

“खुर्चीचं आठवतं,” मास्टर म्हणाले. “त्ये खरंय. बोटाचं न्हाई आठवत.”

“अहो, मी सांगते ना.”

“तवा तुमास्नी आठवत न्हवतं, आता आठवतंय,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “आसं व्हतं बाई. मानसाला वाईट वाटलं की त्याला काय बी आठवतं. जाऊ द्या. च्या प्या.”

मी भाभींकडं पाहिलं. त्यांची सुई थांबली होती. त्यांना पटलं होतं, एका क्षणात पटलं होतं, ते दिसत होतं.

“मी ह्यांना तवाच म्हनले व्हते,” त्या सावकाश म्हणाल्या. “तुमी इसरनारं मानूस न्हाई. मी रातभर सांगत व्हते. तर मला म्हनले, बी.ए. झालेली बाई इसरंल का मी इसरंन?” त्यांनी दोरा दातानं तोडला. “बाई, त्याच दिवशी मोशीला आला असता तर ह्यांनी ऐकलं असतं. आता न्हाई ऐकायचे. आता त्यांचं पक्कं झालंय.”

 

मास्टर कापड अंथरून बसले होते. पुठ्ठा ठेवला, खडूनं रेघ मारली. रेघेबाहेर एक बोट ठेवलं. थांबले. दोन बोटं ठेवली. मग तिसरं ठेवलं आणि कात्री उचलली. कात्री चालतानाचा तो जुना खसखस आवाज आला नाही. ते दर दोन इंचांवर थांबत होते, पुठ्ठा सरकला का बघत होते.

सदरा आठवड्यानं कुणाच्या तरी हातून घरी आला. वडिलांच्या अंगावर तो गोणपाटासारखा लोंबला. बाह्या बोटांच्या खाली. आईनं कुशीची शिवण उसवून पाहिली तर आत दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कापड.

“कुणा नवशिक्याला दिलंस ग हे?” आई म्हणाली.

“स्वतःच्या वडिलांच्या हाताखाली शिकलाय तो,” मी म्हणाले. “तीस वर्षं कापतोय. त्याच्यासारखा कटर ह्या भागात झाला नाही.”

आईनं सदरा पुन्हा उजेडात धरला, शिवणीतलं कापड चिमटीत धरून मला दाखवलं आणि म्हणाली, “काहीतरी सांगू नकोस.”